आधी कागद, मग रिपोर्ट

वाचनालयाच्या नोंदी ठेवणारं एक जुनं ॲप्लिकेशन माझ्याकडे सांभाळायला आलं, तेव्हा त्यातला माहिती भरण्याचा भाग चांगला चालत होता. सभासद, पुस्तकं, देवघेव, वर्गणी असं सगळं मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसच्या प्रोग्राममध्ये बांधलेलं. फॉर्म सुटसुटीत, शोध झटपट. अडत होतं ते छपाईपाशी. पडद्यावर रिपोर्ट, म्हणजे छापण्यासाठी मांडलेली यादी किंवा गोषवारा, नीट दिसायचा आणि प्रिंटरमधून वेगळाच बाहेर यायचा. प्रत्येक पानामागे एक कोरं पान, नावांच्या वेलांट्या वरून कापलेल्या, बेरजेच्या जागी न जुळणारा आकडा. ग्रंथपाल बाई त्या पानांवर पेनाने दुरुस्त्या करून मगच ती पुढे द्यायच्या.

त्या दुरुस्त्या पाहून मी हे काम मनावर घेतलं. मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी हातात धरून कुणीतरी फोन लावतं, खुणा करतं. वर्गणीचा गोषवारा बैठकीत या हातातून त्या हातात जातो. तो वाचणाऱ्यांनी ॲप्लिकेशन कधी उघडलेलंही नसतं. त्यांच्यापुरता तो कागद म्हणजेच सगळा डेटाबेस. आत टेबलमध्ये आकडा बरोबर आहे, या सांगण्याला तिथे काही अर्थ नाही.

सुरुवात केली ती लोक नक्की काय बघून ‘पडद्यावर बरोबर आहे’ म्हणतात इथून. यादीतल्या रिपोर्टच्या नावावर डबल क्लिक केलं की उघडायचा तो रिपोर्ट व्ह्यू. ही सोय ॲक्सेस 2007 पासून आली. तिच्यात मजकूर निवडता येतो, कॉपी करता येतो, गाळणी (फिल्टर) लावता येते, पण पानं नसतात. सगळा रिपोर्ट एका लांबच लांब पट्टीसारखा खाली सरकत जातो. कुठे पान तुटणार, कडेला काय कापलं जाणार, यातलं काहीच तिथे कळत नाही. शिवाय मांडणीच्या वेळी चालणारा कोड, म्हणजे सेक्शनच्या (रिपोर्टच्या माथा, नोंदी, तळ अशा एकेका भागाच्या) फॉरमॅट इव्हेंटमधला, रिपोर्ट व्ह्यूमध्ये चालतच नाही. मुदत उलटून महिना झालेल्या सभासदाचं नाव ठळक करणारा कोड या ॲप्लिकेशनमध्ये तिथेच लिहिलेला होता. त्यामुळे पडद्यावर सगळी नावं सारखी आणि कागदावर काही ठळक, असा प्रकार व्हायचा आणि ‘प्रिंटर मधेच गडद छापतो’ असा समज झाला होता. तो नियम मी कोडमधून काढून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये, म्हणजे अट पुरी झाली की अक्षरांचं रूप बदलणाऱ्या सोयीत, टाकला. ते दोन्हीकडे सारखंच लागू होतं. मग प्रत्येक रिपोर्टच्या प्रॉपर्टीमध्ये जाऊन डीफॉल्ट व्ह्यू प्रिंट प्रिव्ह्यू केला आणि रिपोर्ट व्ह्यूची परवानगी काढून टाकली. जो रिपोर्ट छापण्यासाठीच आहे तो उघडला की पानच दिसलं पाहिजे, याबाबत माझं मत पक्कं आहे.

मुख्य फॉर्मवरच्या बटनांची तऱ्हा याच्या उलट होती. त्यातली काही दाबली की प्रिव्ह्यू न दाखवता थेट छपाई सुरू व्हायची. कारण साधं होतं. कोडमधून ओपनरिपोर्ट ही आज्ञा देताना कोणत्या व्ह्यूमध्ये उघडायचं ते सांगितलं नाही, तर ॲक्सेस ‘नॉर्मल’ धरतं आणि इथे नॉर्मलचा अर्थ लगेच प्रिंटरकडे पाठवणं असा आहे. तारखा न भरता बटन दाबलं गेलं की आजवरच्या सगळ्या देवघेवीची यादी ट्रेमधला कागद संपेपर्यंत निघत राहायची. सगळ्या बटनांत प्रिव्ह्यू स्पष्टपणे लिहिला. शिवाय रिपोर्टला देण्यासारखी एकही नोंद नसेल तर ‘या कालावधीत नोंद नाही’ असा संदेश दाखवून उघडणं रद्द होईल, अशी सोय नो डेटा इव्हेंटमध्ये केली. असं रद्द केलं की रिपोर्ट उघडणाऱ्या बटनाच्या कोडला 2501 क्रमांकाची चूक मिळते. ती तिथेच झेलावी लागते, नाहीतर वापरणाऱ्यासमोर एक अनाकलनीय खिडकी उभी राहते.

आता कोरी पानं. याच्यामागे मी सर्वांत जास्त वेळ दिला आणि तो सार्थकी लागला असं मला वाटतं, कारण इथेच मला रिपोर्टकडे बघण्याची रीत सापडली.

प्रत्येक भरलेल्या पानानंतर एक कोरं पान येतं तेव्हा डेटामध्ये काही बिघडलेलं नसतं. रिपोर्टची रुंदी, डावा समास आणि उजवा समास यांची बेरीज कागदाच्या रुंदीपेक्षा जास्त झालेली असते. मग उरलेली चिंचोळी पट्टी ॲक्सेस पुढच्या पानावर छापतं आणि त्या पट्टीत मजकूर नसल्यामुळे पान कोरं दिसतं. आमच्या रिपोर्टची रुंदी 7.5 इंच आणि दोन्ही समास अर्धा-अर्धा इंच, म्हणजे एकूण 8.5 इंच. हा लेटर आकाराच्या कागदाचा नेमका हिशेब. लेटर 8.5 बाय 11 इंच असतो. ट्रेमध्ये होता ए4, म्हणजे 210 बाय 297 मिलिमीटर. इंचात साधारण 8.27 बाय 11.69. जेमतेम 6 मिलिमीटर कमी पडत होते आणि तेवढ्यासाठी दुप्पट कागद जात होता.

पेज सेटअपमध्ये ए4 निवडणं ही पहिली पायरी. नंतर डिझाइन व्ह्यूमध्ये रिपोर्टची उजवी कड आत ओढायला गेले तर ती हलेना. असं झालं की समजावं, कुठल्यातरी सेक्शनमध्ये एखादी वस्तू त्या कडेपर्यंत पोचलेली आहे. एका रिपोर्टमध्ये शीर्षकाखालची आडवी रेघ होती, दुसऱ्यात पेज फूटरमधली (पानाच्या तळाची) पान क्रमांकाची पेटी, तर एकात पांढऱ्या अक्षरांतलं रिकामं लेबल. ते शोधायला प्रत्येक सेक्शनमधल्या सगळ्या वस्तू निवडून बघणं हाच खात्रीचा मार्ग. रिपोर्टच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात दिसणारा छोटा हिरवा त्रिकोणही रुंदी पानापेक्षा जास्त असल्याची सूचना देतो, पण अडलेली वस्तू आपणच हलवावी लागते.

त्यानंतर मी रिपोर्टचं माप कागदावरूनच ठरवू लागले. आमची पानं फाइलला लावली जातात, तेव्हा डावीकडे भोकांसाठी 20 मिलिमीटर सोडायचे. उजवीकडे 10. ए4 चे 210 वजा 30, म्हणजे हातात 180. रिपोर्टची रुंदी 18 सेंटिमीटर किंवा त्याहून थोडी कमी, आणि त्याच्या आत जे बसेल ते बसवायचं. पूर्वी यादीत सभासद क्रमांक, नाव, पत्ता, फोन, पुस्तक क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, दिल्याची तारीख, परतीची तारीख, दिवस असे रकाने होते आणि ते बसवायला अक्षरं इतकी बारीक केली होती की चष्म्यातूनही वाचवत नव्हती. मी ग्रंथपाल बाईंना विचारलं, “ही यादी हातात असताना तुम्ही नेमकं काय बघता?” त्या म्हणाल्या, “नाव, फोन, पुस्तक आणि किती दिवस झाले. पत्ता कशाला लागतोय फोन करताना?” पत्ता गेला, लेखक गेला, दिल्याची तारीखही गेली. अक्षरं 11 पॉइंटची झाली आणि उजवीकडे खूण करायला एक मोकळा चौकोन बसला.

समास कमी करून जागा मिळवण्याचा मोह होतो, पण त्याला मर्यादा आहे. बहुतेक ऑफिस प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापू शकत नाहीत. चारी बाजूंना काही मिलिमीटर कोरे सोडतात, आणि ते किती हे प्रिंटरप्रमाणे बदलतं. इथेच दुसरी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. प्रिंट प्रिव्ह्यू निवडलेल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरला विचारून आखलेला असतो. संगणकावर एकही प्रिंटर नसेल तर ॲक्सेस प्रिव्ह्यू दाखवायलाच नकार देतं. म्हणून घरच्या संगणकावर मी पीडीएफवाला प्रिंटर मुख्य ठेवून काम केलं आणि वाचनालयातल्या लेझर प्रिंटरवर पाहिलं तर 32 ओळींच्या पानावर 31 ओळी बसल्या, शेवटची एक ओळ एकटीच पुढच्या पानावर. तेव्हापासून पानाच्या तळाशी एका ओळीपुरती जागा मी हिशेबात धरतच नाही. पेज सेटअपमध्ये रिपोर्टला ठरावीक प्रिंटर बांधून टाकण्याचीही सोय आहे. साध्या याद्यांसाठी मी ती टाळते, कारण तो प्रिंटर बदलला की प्रत्येक रिपोर्ट उघडून दुरुस्त करावा लागतो. लेबलांसारख्या नेमक्या मापाच्या छपाईला मात्र ती उपयोगी पडते.

वेलांट्या कापल्या जाण्याचं कारण टेक्स्टबॉक्सच्या, म्हणजे मजकुराच्या पेटीच्या, उंचीत होतं. मूळ रिपोर्ट इंग्रजी नावांसाठी आखलेला. नंतर नावं मराठीत भरली जाऊ लागली, पण पेट्या तेवढ्याच राहिल्या. देवनागरीत अक्षराच्या वर रफार, वेलांटी, मात्रा आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय असतात. त्याच पॉइंटला जास्त उभी जागा लागते. उंची वाढवली, फॉन्ट सगळीकडे निर्मला यूआय केला. मंगल छान आहे, पण विंडोज 10 मध्ये तो वेगळा बसवावा लागू शकतो, आणि तो नसलेल्या संगणकावर दुसराच फॉन्ट येऊन मापं बदलतात.

चाचणीसाठी मी नेहमीच्या नोंदी घेतल्या नाहीत. सर्वांत लांब नावाचा सभासद, फोन नसलेला सभासद, एकाच वेळी बरीच पुस्तकं अडकवून ठेवलेला सभासद आणि तीन ओळींचं शीर्षक असलेलं पुस्तक, असे निवडून घेतले. रिपोर्ट तुटतो तो अशा ठिकाणी. लांब मजकुराच्या पेटीला कॅन ग्रो लावलं की पेटी खाली वाढते, पण रकान्यांमधल्या उभ्या रेघा तिच्याबरोबर वाढत नाहीत. त्या मध्येच तुटलेल्या दिसतात. मी उभ्या रेघा काढून टाकल्या आणि प्रत्येक नोंदीखाली एकच बारीक आडवी रेघ ठेवली. एक आड एक ओळीला करडा रंग देण्याची सोयही बंद केली. पडद्यावर ती देखणी दिसते, पण काळ्या-पांढऱ्या लेझरवर त्या रंगाचे ठिपके होतात आणि त्या पानाची झेरॉक्स काढली की अक्षरं धूसर होतात. आमच्या यादीच्या झेरॉक्स निघतातच.

गटवारीचं काम त्यामानाने सोपं झालं. सभासदाचं नाव ग्रुप हेडरमध्ये, म्हणजे गटाच्या माथ्यावर, त्याची पुस्तकं खाली. नाव पानाच्या तळाशी आणि पुस्तकं पुढच्या पानावर असं होऊ नये म्हणून शीर्षक आणि पहिली नोंद एकत्र ठेवण्याचा पर्याय निवडला. यादी पुढच्या पानावर गेलीच तर नाव पुन्हा छापलं जावं म्हणून रिपीट सेक्शन चालू केलं. क्वेरीत, म्हणजे टेबलांतून माहिती निवडून आणणाऱ्या मागणीत, लावलेला क्रम रिपोर्ट पाळेलच असं नसतं, तो रिपोर्टच्या ग्रुप आणि सॉर्टच्या चौकटीत पुन्हा द्यावा लागतो. ‘यादी आज वेगळ्याच क्रमाने का आली’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तेच असतं. पेज हेडरमध्ये नावाचं फील्ड ठेवलं की त्या पानावरची पहिली नोंद दिसते आणि पेज फूटरमध्ये ठेवलं की शेवटची. शब्दकोशात पानाच्या माथ्यावर शब्द असतात तशी ही सोय मला फार आवडली. जाड यादीत नाव शोधताना पानं भराभर उलटता येतात.

बेरजा हे या कामातलं सर्वांत नाजूक ठिकाण होतं. वर्गणीच्या गोषवाऱ्याची बेरीज प्रिव्ह्यूमध्ये बरोबर यायची आणि तिथूनच प्रिंट दिली की कागदावर दुप्पट. ज्यांनी कागद पाहिला त्यांचा हिशेबावरचाच विश्वास उडाला होता, आणि ते स्वाभाविक होतं. कोड उघडला तेव्हा दिसलं की एकूण रक्कम एका व्हेरिएबलमध्ये साठवत नेली होती: प्रत्येक नोंद मांडताना, डिटेल सेक्शनच्या फॉरमॅट इव्हेंटमध्ये, त्या नोंदीची रक्कम मिळवायची. सुरुवातीला शून्य करणं रिपोर्ट उघडताना एकदाच. पण फॉरमॅट इव्हेंट एका नोंदीसाठी एकदाच घडेल असं नाही. प्रिव्ह्यूसाठी मांडणी होते तेव्हा तो घडतो, आणि त्याच प्रिव्ह्यूतून छापताना सगळी मांडणी नव्याने होते तेव्हा पुन्हा घडतो. एखादी नोंद पानावर मावत नाही असं दिसलं की ॲक्सेस मागे येतं, ती पुढच्या पानावर नेतं आणि तिच्यासाठी पुन्हा मांडणी करतं. म्हणजे बेरीज चुकणार हे ठरलेलंच. किती चुकणार ते पानं कशी तुटली यावर अवलंबून.

तो सगळा कोड मी पुसला. रिपोर्ट फूटरमध्ये, म्हणजे रिपोर्टच्या अगदी शेवटी, रकमेच्या फील्डचा (टेबलमधल्या रकान्याचा) साधा सम लिहिला. ही बेरीज मांडणीतून होत नाही, नोंदींवरून होते. कितीही वेळा प्रिव्ह्यू करा, आकडा तोच. एवढंच पाहायचं की सममध्ये फील्डचं नाव जावं, पेटीचं नाही, आणि पेटीचं नाव फील्डच्या नावासारखंच असताना तिच्यात त्याच फील्डचं सूत्र लिहू नये, नाहीतर आकड्याऐवजी एरर छापून येतो.

खजिनदारांना प्रत्येक पानाच्या तळाशी ‘येथवर बेरीज’ हवी होती, जुन्या वहीत असते तशी. पेज फूटरमध्ये सम चालत नाही, तिथे एररच दिसतो. बहुधा यासाठीच आधीच्या माणसाने कोडचा मार्ग धरला असावा. यासाठी मी डिटेलमध्ये रकमेची आणखी एक पेटी ठेवली, ती न दिसणारी केली आणि तिला रनिंग सम ‘ओव्हर ऑल’, म्हणजे सुरुवातीपासूनची चढती बेरीज, दिलं. पेज फूटरमधली पेटी फक्त तिचा आकडा वाचते. फूटरला त्या पानावरची शेवटची नोंद दिसते, त्यामुळे आपोआप तिथपर्यंतची बेरीज उतरते. पहिल्यांदा हे छापून निघालं तेव्हा खजिनदारांनी प्रत्येक पान कॅल्क्युलेटरवर तपासलं, आणि त्यांनी तसं करावं अशीच माझी इच्छा होती.

बेरजेची आणखी एक चूक होती, जास्त लपलेली. एका रिपोर्टमध्ये सभासद, वर्गणी आणि देवघेव ही तिन्ही टेबलं एकाच क्वेरीत जोडली होती. ज्याच्याकडे तीन पुस्तकं त्याची वर्गणी तीन ओळींत तीनदा यायची. ते वाईट दिसू नये म्हणून हाइड डुप्लिकेट्स लावलं होतं, म्हणजे कागदावर रक्कम एकदाच दिसे. पण लपवलेला आकडा बेरजेत धरला जातोच. डोळ्यांना दिसणारी बेरीज आणि खाली छापलेली बेरीज यांचा मेळ बसत नव्हता तो यामुळे. वर्गणी आणि पुस्तकं यांचे रिपोर्ट वेगळे केले. दोन्ही एकत्र हवेच असतील तिथे पुस्तकांसाठी सबरिपोर्ट, म्हणजे रिपोर्टच्या आतला छोटा रिपोर्ट, बसवला.

तारखांची गाळणी तपासताना एक गोष्ट सापडली, ती प्रत्येकाने आपल्या ॲप्लिकेशनमध्ये बघावी असं मला कळकळीने वाटतं. फॉर्मवर तारीख दिवस-महिना-वर्ष अशी भरली जाते, पण कोडमधून गाळणीचं वाक्य जोडताना ॲक्सेस दोन चौकटखुणांमधली (#) तारीख महिना-दिवस-वर्ष अशी वाचतं. संगणकाची प्रादेशिक मांडणी काहीही असो. 05/04/2024 म्हणजे आपल्या मनात 5 एप्रिल, त्याच्या लेखी 4 मे. गंमत अशी नाही की ते नेहमी चुकतं. धोका हा की नेहमी चुकत नाही. 25/04/2024 दिलं तर 25 वा महिना नसल्यामुळे ते निमूटपणे 25 एप्रिल समजून घेतं. त्यामुळे चूक फक्त महिन्याच्या पहिल्या 12 तारखांना होते आणि चाचणी महिन्याच्या अखेरीस केली तर कधीच पकडली जात नाही. मी तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने जोडायला सुरुवात केली. त्यात दोन अर्थ निघत नाहीत. शेवटच्या दिवसाचीही काळजी घेतली. नोंदीत तारखेबरोबर वेळ साठवलेली असेल तर ‘31 मार्चपर्यंत’ म्हणजे 31 मार्च सुरू होण्याचा क्षण (आदल्या रात्रीचे बारा) धरला जातो आणि त्या दिवसाची सगळी देवघेव यादीतून गळते. ‘1 एप्रिलच्या आधी’ असं लिहिलं की ती येते.

पावतीच्या बटनाचं दुखणं वेगळं. वर्गणी भरून लगेच पावती छापली तर ती कोरी किंवा जुन्या रकमेची निघायची. फॉर्मवर टाइप केलेली रक्कम टेबलमध्ये जतन होण्याआधीच रिपोर्ट टेबल वाचत होता. प्रिव्ह्यू उघडण्याआधी चालू नोंद जतन करण्याची एक ओळ टाकली आणि तो प्रश्न संपला.

या सगळ्यात मी प्रत्येक रिपोर्टच्या माथ्यावर दोन गोष्टी सक्तीने छापायला लावल्या: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची माहिती आहे, आणि पान कधी छापलं त्याची तारीख-वेळ. पडद्यावर आपल्याला गाळणी माहीत असते. कागद ड्रॉवरमध्ये गेला की ती माहिती त्याच्यापासून तुटते, आणि दोन महिन्यांनी दोन वेगळे आकडे दाखवणारी दोन पानं समोर आली की कोणतं खरं यावर वाद होतो. दोन्ही आपापल्या वेळी खरी असतात.

लेबलांना मी शेवटी हात घातला. सभासदांना वार्षिक पत्रं जातात, त्यांवरचे पत्ते. आमच्या ए4 पत्र्यावर, म्हणजे चिकट लेबलांच्या कागदावर, 3 रकाने आणि 8 ओळी, म्हणजे 24 लेबलं, प्रत्येक 63.5 बाय 33.9 मिलिमीटर, दोन रकान्यांमधलं अंतर अडीच मिलिमीटर, ओळींमध्ये अंतर नाही. पेज सेटअपच्या कॉलम टॅबमध्ये ही मापं तंतोतंत द्यावी लागतात, कारण इथली चूक साठत जाते. लेबलाची उंची अर्धा मिलिमीटर चुकली तर पहिल्या ओळीत काही कळत नाही, आठव्या ओळीत मजकूर साडेतीन मिलिमीटर सरकलेला असतो. मी खरं लेबल घातलंच नाही. साध्या कागदावर छापायचं, तो लेबलांच्या पत्र्यावर ठेवून उजेडासमोर धरायचा, सरकलेलं किती ते पट्टीने मोजायचं आणि समास बदलायचा. पत्त्याची एखादी ओळ रिकामी असेल तर मध्ये फट पडू नये म्हणून कॅन श्रिंक असतं, पण त्या पेटीच्या शेजारी त्याच उंचीवर दुसरी वस्तू असेल तर ते चालत नाही. त्यामुळे पत्त्याच्या सगळ्या ओळी एकाखाली एक, शेजारी काही नाही.

अर्धवट वापरलेला पत्रा वाया जायचा, तेही थांबवता आलं. फॉर्मवर ‘किती लेबलं सोडायची’ असा एक आकडा विचारला. तेवढ्या वेळा रिपोर्ट पुढच्या जागेवर सरकतो, पण काही छापत नाही आणि नोंदही पुढे नेत नाही; त्यासाठी मूव्हलेआउट, नेक्स्टरेकॉर्ड आणि प्रिंटसेक्शन अशा तीन प्रॉपर्टी आहेत. मात्र लेझर प्रिंटरमधून एकच पत्रा पुन:पुन्हा घालू नये. आत उष्णता असते, कडेचं लेबल सुटून रोलरला चिकटू शकतं. एकदा अर्धा वापरलेला पत्रा दुसऱ्यांदा घालून संपवायचा, एवढंच मी त्यांना करू देते.

काही रिपोर्ट ईमेलने जायचे. पीडीएफ बनवणारी आउटपुटटू ही आज्ञा गाळणी घेत नाही. आधी रिपोर्ट गाळणीसह लपवलेल्या प्रिव्ह्यूमध्ये उघडायचा, मग पीडीएफ काढायची, मग बंद करायचा. नाहीतर एका सभासदाच्या पावतीऐवजी सगळ्यांच्या पावत्यांची फाइल जाते. दुसऱ्यांची माहिती चुकीच्या माणसाच्या हाती पडण्याचा हा सरळ रस्ता आहे, म्हणून ही पायरी मी दोनदा तपासली. आणि पीडीएफवरून लेबलं छापायची असतील तर छपाईच्या खिडकीत ‘फिट’ऐवजी ‘ॲक्च्युअल साइज’ निवडायचं. फिट पान थोडं लहान करतं आणि मोजून बसवलेली सगळी मापं हलतात.

शेवटचा राहिला तो पुस्तक पडताळणीचा रिपोर्ट, संग्रहातल्या प्रत्येक पुस्तकाची कपाटनिहाय यादी. तो सर्वांत जाड. त्याचा प्रिव्ह्यू उघडायला इतका वेळ लागायचा की लोक संगणक अडकला समजून ॲक्सेस बंद करायचे. कारण तळाशी ‘पान 3, एकूण 140’ असं छापायला सांगितलं होतं. एकूण पानांचा आकडा आधी माहीत नसतो, तेव्हा पहिलं पान दाखवण्याआधी ॲक्सेसला सगळा रिपोर्ट एकदा मांडून पाहावा लागतो आणि मग दुसऱ्यांदा मांडावा लागतो. नुसता पान क्रमांक ठेवला असता तर पहिलं पान लगेच दिसलं असतं. बाकीच्या याद्यांमधून मी एकूण पानांचा आकडा काढलाही. इथे ठेवला. ही यादी चारपाच जणांत वाटली जाते, प्रत्येकजण आपलं कपाट घेऊन पुस्तकं मोजतो आणि दिवसाअखेर पानं परत एका गठ्ठ्यात येतात. त्यातलं शेवटचं पान हरवलं तर नुसत्या क्रमांकावरून ते कळणार नाही. म्हणून बटनाशेजारी ‘तयार व्हायला काही मिनिटं लागतील’ असं लिहिलं, प्रत्येक कपाट नव्या पानापासून सुरू केलं, आणि गठ्ठा परत आला की पानं मोजून एकूण आकड्याशी ताडून बघायचं काम ग्रंथपाल बाईंनी स्वतःकडे घेतलं.